चूल पेटती राहणार असेल तर

आचाओच्या धक्क्यावरून लिनलिन बेटाकडे जाणारी दुपारची लाँच त्या दिवशी इतकी भरली होती, की मिरेयाला टेकायला जागा मिळाली ती ताडपत्रीने झाकलेल्या एका ढिगावर. बाहेर पाऊस होता. जोराचा नव्हे, रागाचाही नव्हे... नुसता होता, जसा तो पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळच्या या बेटांवर मे महिन्यापासून पुढे हिवाळाभर असतो. तिने ओली शाल झटकली, पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. पिशवीत जस्ताच्या पत्र्याचा नमुन्याचा तुकडा होता. तो तिला मुळीच आवडला नव्हता.

“बाई,” कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं, “तुम्ही ज्यावर बसलायत ना... ते कुणाचं तरी छप्पर आहे.”

तिने डोळे उघडले. लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेला, अंगावर मेणकापडाचा कोट, तिशीच्या आतबाहेरचा एक माणूस. हसू ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं.

“कुणाचं छप्पर?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

“मग ठरेपर्यंत बसते,” मिरेया म्हणाली आणि बसून राहिली.

पण हात स्वस्थ बसेना. ताडपत्रीची कड उचलून तिने आतलं एक लाकडी कौल ओढून काढलं. हातभर लांब, ओंजळीएवढं रुंद, अंगावर रेषा सरळ धावत गेलेल्या. तिने नखाने खरवडलं, नाकाशी धरलं. सिप्रेसचं लाकूड होतं. करवतीने कापलेलं नव्हतं, कुऱ्हाडीने रेषेरेषेने फाडलेलं होतं, म्हणजे पाणी त्यावरून घसरून जाणार, आत शिरणार नाही. बेटावरच्या कुठल्याही पोरीला एवढं कळतं. मात्र कौल हुंगणारी पोर त्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच पाहिली होती, कारण हसू आता कोपऱ्यात राहिलं नव्हतं.

त्याचं नाव आलिरो गिनेओ. मोठ्या बेटाच्या जंगलकडेला राहायचा, कौलं फाडायचा आणि आपल्या होडीतून बेटोबेटी पोचवायचा. होडी दुरुस्तीला होती म्हणून आज लाँचने निघाला होता. लिनलिनचा किनारा येईपर्यंत त्याला एवढं समजलं होतं, की मिरेया बाहामोंदेला छप्पर हवंय, लवकर हवंय, आणि त्याबद्दल बोलताना तिचा आवाज जरासा घट्ट होतो.

घट्ट व्हायला कारण होतं. गेल्या हिवाळ्यात घर असं गळलं होतं, की स्वयंपाकाला भांडी उरली नव्हती. सगळी थेंबांखाली मांडलेली. आईच्या छातीत कफ बसला तो उठेना. शेवटी भाऊ नेल्सन येऊन तिला दूर दक्षिणेला, पुंता अरेनासला घेऊन गेला. तेव्हापासून मिरेया घरात एकटी होती. आईने निघताना सांगितलं होतं, छप्पर कोरडं झालं तर मी परत येईन, नाही तर तू ये. नेल्सनचं म्हणणं आणखी सोपं होतं. वर पत्रा ठोक, दाराला कुलूप घाल आणि ये. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळंच सोपं असतं. कुलूप लावलेली घरं मिरेयाने पाहिली होती. पहिल्या वर्षी लोक म्हणतात, येतील परत. दुसऱ्या वर्षी उंबऱ्यात गवत उगवतं आणि लोक काही म्हणायचे थांबतात.

आलिरो घर पाहायला आला तेव्हाही पाऊस होताच. त्याने छपराचा उतार पाहिला, समुद्राची बाजू पाहिली, उत्तरेची वादळं कुठून आदळतात ते विचारलं. मग दोघं शिडीने माळ्यावर चढली. तिथे उभं राहता येत नव्हतं. विजेरी त्याच्या हातात होती, आणि त्याला जागा देण्यासाठी मिरेया सरकली ती अशी सरकली, की तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला. तिने तो लगेच काढून घेतला... लगेच म्हणजे, थोड्या वेळाने.

“इथं हात लाव,” तो म्हणाला. ‘तुम्ही’ शिडीवरच कुठेतरी गळून पडलं होतं.

तिने बोट लावलं. लाकूड भिजल्या पावासारखं दबलं.

“थंडीनं झालं का हे?”

“थंडी? आपल्याकडे थंडी आहेच कुठे? बर्फ कधी चुकून पडतो, तोही दुपारपर्यंत टिकत नाही. थंडीनं लाकूड मरत नाही, मिरेया. ते मरतं न सुकल्यानं.”

“मग पत्रा घालू? माझा भाऊ म्हणतो...”

“भाऊ त्याखाली झोपणार आहे का?” आलिरो म्हणाला. “पत्रा वरून गळत नाही, खरंय. पण आतून घाम गाळतो. बाहेर गार, खाली चुलीची ऊब, सकाळी बघावं तर पांघरुणावर थेंब. शिवाय हा खारा वारा त्याला खातोच.”

तिला हसू आलं. पण तो आता गंभीर झाला होता. त्याने विजेरी खाली केली.

“एक सांगतो मात्र. घर बंद राहणार असेल तर मी स्वतःच म्हणेन, पत्रा घाल. लाकडी कौल रोज भिजतं आणि खालच्या चुलीच्या उबेनं, धुरानं रोज थोडं सुकतं. असं भिजत-सुकत ते आपल्या नातवंडांपर्यंत जातं. चूल विझली की शेवाळ, शेवाळामागून कूज. चांगल्यातलं चांगलं कौलही बंद घरावर फुकट जातं. म्हणून विचारतो... हिवाळ्यात ही चूल पेटती राहणार ना?”

प्रश्न कौलांचा होता. तरी तो कौलांपुरता नव्हता. खरं उत्तर होतं, मला ठाऊक नाही. आईला तिने महिनाअखेरीस कळवते म्हणून सांगितलं होतं. पण ठाऊक नाही म्हटलं, तर हा माणूस मुकाट्याने पत्र्याचं माप घेईल, ठोकून देईल आणि पुन्हा या बेटावर फिरकण्याचं त्याला काही कारण उरणार नाही. माळ्यावर अंधार होता. खोटं बोलायला अंधारासारखी सोय नाही.

“राहणार,” ती म्हणाली.

“नक्की?”

“सांगितलं ना... राहणार.”

तो खूश झाला. इतका, की शिडी उतरताना त्याने शीळ घातली. मिरेयाला ती शीळ टोचली. पण तिने मनाला समजावलं, की अजून काय झालंय, महिना पडलाय. खोटं बोलणाऱ्याला महिना नेहमीच पडलेला असतो.

पुढचे दिवस मात्र फार गोड गेले, आणि त्यामुळेच तिला ते जड गेले. होडी दुरुस्त झाली होती. आलिरो थोडी थोडी कौलं आणायचा आणि ती दोघं ओसरीवर बसून निवडायची. जाड आणि निर्दोष ती उत्तरेच्या उतारासाठी. अरुंद ती कडांना. दक्षिणेच्या उतारावर ऊन पोचत नाही, तिथं शेवाळ लवकर धरतं, म्हणून तिथं त्याने सिप्रेसऐवजी आलेर्सेची जुनी कौलं घालायचं ठरवलं होतं. आलेर्सेचं झाड आता तोडायला बंदी आहे. ती कौलं मिळतात ती फक्त मोडलेल्या घरांची. ही कुठल्या घराची, असं मिरेयाने विचारलं तर त्याने विषय बदलला. झाडं चंद्राच्या उतरत्या पंधरवड्यात तोडली होती का, हेही तिने विचारलं. चढत्या चंद्राचं लाकूड किडतं, हे बेटावर सगळे मानतात आणि कुणी तपासत नाही.

“उतरत्याच,” तो म्हणाला. “बाकी मी चंद्राला फार मानत नाही. पण गिऱ्हाईक मानतं.”

“आणि गिऱ्हाइकाला काय मानतोस?”

हातातलं कौल त्याने तीन वेळा उलटंपालटं केलं.

“हे... चांगलं आहे,” अखेर तो म्हणाला, आणि ते कौलाबद्दल नव्हतं हे कौलालाही कळलं असावं.

छप्पर एका माणसाचं काम नव्हे. त्यासाठी मिंगा बोलवायची, म्हणजे गावची इरजिकच घालायची. मालकिणीने घरोघर स्वतः जायचं, निरोप धाडायचा नाही, उंबऱ्यात उभं राहून हात मागायचे. समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. आणि एकदा मागितलेले हात परत करायचे नसतात. मिंगा बोलावून रद्द करणं म्हणजे अख्ख्या गावाच्या तोंडाला पानं पुसणं. मिरेया गेली. घरोघर गेली. शेजारच्या देल्फिना मावशीने हो म्हणता म्हणता डोळे बारीक केले आणि विचारलं, कौलांबरोबर कौलवालाही छपरावर कायमचा ठोकून घेणार आहेस की काय? मिरेयाचे कान लाल झाले. मावशीचा नवरा रेमिखिओ काका, गावातला छपरांचा जुना जाणता, तो म्हणाला, शनिवारी उजाडताच येतो.

उरलेली सगळी कौलं शनिवारच्या भरतीला आलिरोच्या होडीतून यायची होती. शुक्रवारी दुपारी तो मिरेयाच्या स्वयंपाकघरात बाह्या वर सारून बटाटे किसत बसला होता. मिंगाला आलेल्यांना मिल्काओ, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या भाकऱ्या, करून घालायच्या, म्हणजे बटाट्यांचा डोंगर. चुलीवर मांस रटरटत होतं. मिरेया मळत होती, तो किसत होता, आणि दोघांची कोपरं कारण नसताना एकमेकांना लागत होती. तेवढ्यात देल्फिना मावशी चरबीचा डबा घेऊन आत आली.

“आईचा फोन आला होता तुझ्या,” मावशी म्हणाली. “नेल्सननं तिकीट काढलं म्हणे तुझं. येत्या बुधवारचं. चांगलं केलंस पोरी, छप्पर घालून जातेयस. पुढेमागे विकायचं म्हटलं तर घराला किंमत येईल.”

किसणीचा आवाज थांबला.

मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आपण काय करून बसलो हे तिच्या ध्यानात आलं. डबा टेबलावर ठेवून ती आली तशी निघून गेली. आलिरोने हात धुतले. फार सावकाश धुतले, एकेक बोट.

“मी तुला एकच गोष्ट विचारली होती,” तो म्हणाला.

“तिकिटाचं मला आत्ता कळतंय.”

“आणि जायचं की राहायचं, ते? तेही आत्ताच कळतंय?”

मिरेयाच्या तोंडून ते निघालं, जे निघताक्षणीच तिला परत गिळावंसं वाटलं. “चूल पेटती राहणार का असं विचारलंस तू. कोण पेटवणार, असं नाही विचारलंस.”

“वा.” त्याने फडक्याला हात पुसले. “ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत कुठे शिकलीस? सरळ म्हणाली असतीस, मला माहीत नाही, तर मी काय तुला खाल्लं असतं?”

“तुला तुझ्या लाकडाचीच काळजी ना?”

“हो. लाकडाची,” आलिरो म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली गेला. “आलेर्सेची ती कौलं माझ्या आजोबांच्या घराची आहेत. माझ्या स्वतःच्या घरासाठी राखली होती, जेव्हा कधी बांधेन तेव्हासाठी. ती मी इथं घालायला काढली. म्हटलं, इथं चूल पेटती असणार आहे. आणि वाटलं की... अधूनमधून त्या चुलीपाशी मलाही बसायला मिळेल.”

पिठाने भरलेले हात मिरेयाने नुसतेच समोर धरले होते.

“उद्या भरतीला मी होडी घेऊन येतो,” तो टोपी घालत म्हणाला. “जाणार असशील तर तसं सांग. मी आचाओहून पत्रा आणून देईन, स्वतः ठोकून देईन, चांगला ठोकेन. राग नाही माझा. पण बंद घरावर ही कौलं मी घालणार नाही.”

राग नाही म्हणाला, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिने ठरवलं, सकाळी उठून आधी रेमिखिओ काकाकडे जायचं आणि सांगायचं, थांबा, अजून काही ठरलेलं नाही. काय व्हायची ती नाचक्की होऊ दे. पण सकाळी तिला जाग आली तीच डोक्यावरच्या पहारींच्या आवाजाने. उत्तरेला आभाळ काळवंडलेलं पाहून काकाने कुणाची वाट पाहिली नव्हती. मालकिणीने बोलावलंय म्हणजे बोलावलंय; कौलं कुठं आहेत, आली की नाही, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. जगात इतरत्र माणसं आधी नवं पाहतात आणि मग जुनं मोडतात. लिनलिनवर शब्द दिला की मोडायला सुरुवात.

मिरेया वडिलांचे जुने गमबूट अडकवून अंगणात धावली. अर्ध्या घरावर नुसते वासे उरले होते आणि त्यांतून आभाळ दिसत होतं. आईचा पलंग, भिंतीवरचे फोटो, पिठाची पोती, सगळं उघड्यावर. वारा उत्तरेकडून वळला होता. दुपारच्या आत पाऊस येणार, हे छपरावरचा प्रत्येक माणूस न बोलता समजून होता.

“कौलं आण गं पोरी,” काका वरून म्हणाला. “कुठं ठेवलीयत?”

तिने समुद्राकडे पाहिलं. आलिरोची होडी आली होती. भरती पुरती चढली होती, तरी ती किनाऱ्याला लागली नव्हती. हाक पोचेल एवढ्या अंतरावर नांगर टाकून उभी होती. तो होडीच्या टोकावर उभा होता, हात कोटाच्या खिशात. वाट पाहत होता.

“जा,” देल्फिना मावशी तिच्या पाठीशी येऊन म्हणाली. “माझी जीभ झडो काल नको ते बोलले म्हणून. पण आता तूच जा.”

मिरेया गेली. दगडगोटे तुडवत, शेवाळावरून घसरत पाण्यापर्यंत गेली आणि थांबली नाही. पाणी बुटांत शिरलं तेव्हा कुठे थांबली. मागे पहारींचे आवाज बंद पडले होते. छपरावरचा अख्खा गाव वाशांवर बसून पाहत होता. प्रेमाची गोष्ट चारचौघांत बोलू नये म्हणतात. पण अंतरच असं होतं, की हळू बोलायची सोय नव्हती.

“कौलं की पत्रा?” त्याने विचारलं.

“आधी ऐक.” तिचा आवाज कापला. तिने पुन्हा सुरुवात केली. “माळ्यावर तू विचारलंस, तेव्हा मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. गेल्या हिवाळ्यानंतर या घरात एकटीनं राहायची मला भीती वाटते. आईला वाटतं मी यावं. नेल्सनला वाटतं मी यावं. मला काय वाटतं ते... मला कुणी विचारलंच नव्हतं रे. तू पहिल्यांदा विचारलंस, आणि मी खोटं बोलले.”

“का?”

“खरं सांगितलं असतं, तर तू पत्रा ठोकून गेला असतास. आणि मला तू जायला नको होतास.”

छपरावर कुणीतरी खोकलं. त्याला दुसऱ्या कुणीतरी गप्प केलं. होडी लाटेवर वर गेली, खाली आली. आलिरोचे हात खिशातून बाहेर आले होते.

“आणि आता?” तो म्हणाला. “आता माहीत आहे?”

“आता माहीत आहे. ते छप्पर गळू दे नाही तर उडून जाऊ दे, मी कुठंही जात नाही. तू कौलं दे नाही तर पत्रा दे. चूल मी पेटती ठेवणार आहे, आणि आईशीही मीच बोलणार आहे.”

त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. तिला वाटलं, संपलं, उशीर झाला. मग तो वाकला आणि नांगराचा दोर ओढायला लागला.

“बाजूला हो,” तो म्हणाला. “होडी अंगावर येईल.”

त्यानंतरचं कुणालाच नीट आठवत नाही, इतकी घाई झाली. किनाऱ्यापासून अंगणापर्यंत माणसांची रांग लागली आणि कौलांचे गठ्ठे हातोहात वर गेले. एकावर एक तीन थर, वरचं खालच्याला झाकतं आणि प्रत्येकाची फक्त शेपटी उघडी राहते. काका उत्तरेच्या उतारावर, आलिरो दक्षिणेच्या, आणि मिरेया शिडीच्या वरच्या पायरीवर, आजोबांची कौलं एकेक करून त्याच्या हातात देत. बोलायला वेळ नव्हता. तिच्याकडून कौल घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरुरीपेक्षा किंचित जास्त थांबत होती, एवढंच काय ते बोलणं.

मधलं आढं राहिलं होतं तेव्हा पहिले थेंब आले. वारा उठला. आढ्याची शेवटची फळी बसवायला आलिरो घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय टाकून बसला होता, आणि ओल्या लाकडावरून त्याचा पाय सटकला. फळी हातातून गेली, तो उतारावरून घसरला, खाली खाली... आणि कमरेला बांधलेल्या दोराच्या हिसक्यासरशी थांबला. मिरेयाने शिडी इतकी घट्ट धरली होती, की तिच्या तळव्यांत कुसळं गेली.

“घाबरलीस?” तो तिच्या डोक्याच्या वर लोंबकळत म्हणाला.

“घातलेली कौलं फुटतील म्हणून,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं. त्याने ते पाहिलं, आणि मग खालून कुणीतरी दिलेली फळी घेऊन तो पुन्हा वर चढला.

आढं बसलं आणि पावसाने जोर धरला. सगळे आत आले, चुलीभोवती वाफाळत बसले, मिल्काओ आणि मांस जेवले, सफरचंदाची आंबवलेली दारू प्याले. काकाने छताकडे पाहून मान डोलावली. मग एकेक करून सगळे उठले. देल्फिना मावशी जाताना मिरेयाच्या गालावर हात फिरवून गेली. घरात दोघंच उरली तेव्हा बाहेरचा उजेड मंदावत होता.

पत्र्यावर पाऊस ओरडतो. लाकडावर तो कुजबुजतो. दोघं ते ऐकत उभी होती, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत वाजलं... टप्.

मिरेयाचा चेहरा उतरला. आईच्या पलंगावर, अगदी उशीच्या जागी, ओला डाग पडला होता. पुन्हा थेंब आला.

“फुगू दे त्याला,” आलिरो म्हणाला. “कोरडं लाकूड पाणी प्यालं की फुगतं, फटी आपसूक मिटतात. काही करायचं नाही. फक्त चूल विझू द्यायची नाही.”

तो चुलीपाशी जाऊन बसला. मिरेयाने पलंगावर बादली ठेवली. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. आई होती. देल्फिना मावशीने काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं असं दिसलं, कारण आईने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

“गळतंय का?” आईने विचारलं.

मिरेयाने बादलीकडे पाहिलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. आई हजार कोसांवर होती, थेंब तिला दिसणार नव्हता.

“गळतंय, आई,” ती म्हणाली. “एका ठिकाणी. तुझ्याच पलंगावर.”

पलीकडे, आईच्या मागे, नेल्सन काहीतरी बोलत होता.

“पण थांबेल म्हणतो. लाकूड फुगलं की थांबेल.”

“कोण म्हणतो?”

“ज्यानं घातलंय तो.”

“कौलवाल्याचं काय जातंय म्हणायला,” आई म्हणाली. “तो उद्या आपल्या वाटेनं जाईल. गळायचं ते तुझ्या डोक्यावर गळेल.”

“नाही जाणार तो,” मिरेया म्हणाली आणि मग तिला आपलेच शब्द ऐकू आले. चुलीपाशी आलिरो हातात लाकूड धरून पाठमोरा बसला होता. लाकूड हातातच राहिलं होतं.

“हे त्याला विचारलंयस?”

“...नाही.”

“मग विचार. मी धरते फोन.”

अशा वेळी माणसाने काय करावं? मिरेयाने फोन छातीशी धरला. हृदय इतकं धडधडत होतं, की ते आईला पुंता अरेनासमध्ये ऐकू गेलं असेल.

“आलिरो,” ती म्हणाली. “तू... राहशील?”

त्याने लाकूड चुलीत सरकवलं, चुलीचं लोखंडी दार लावलं, मग वळला. “होडी मघाशीच चिखलात बसली,” तो म्हणाला. “ओहोटी लागली तेव्हा मी खिडकीतून बघत होतो.”

“आणि उठला नाहीस?”

“नाही उठलो.” तो उभा राहिला. “पण तू कशाचं विचारतेयस? पुढच्या भरतीपर्यंतचं?”

“नाही.”

“हिवाळ्यापुरतं?”

“हिवाळ्यापुरतंही नाही,” मिरेया म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. “कायमचं विचारतेय. मला तू कायमचा हवायस.”

“मग कायमचं हो,” तो म्हणाला. “लाँचमध्ये कौल हुंगलंस तेव्हापासूनच हो.”

फोनमधून बारीक आवाज येत होता. तिने तो कानाला लावला.

“काय म्हणाला?” आईने विचारलं.

“हो म्हणाला.”

आईचा आवाज ओला होता आणि तरीही त्यात जुनी धार आली होती. “मग मी निघते. नेल्सनला मी बघते. लग्नाआधी तुम्हा दोघांना एका छपराखाली सोडून मी इथं बसले, तर गावात तोंड कुठं दाखवू? आणि त्याला सांग, मी येईपर्यंत माझा पलंग कोरडा पाहिजे.”

सांगायची गरज नव्हती. आईचा आवाज स्वयंपाकघरभर पोचला होता. लाकूड आपसूक फुगेल, काही करायचं नाही, असं मघापासून सांगणारा तो माणूस मुकाट्याने उठला, टोपी घातली आणि भर पावसात शिडी आणायला बाहेर गेला.